सासूबाईंचा आवाज आणि रबराचा पट्टा

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी कॅसेट असेलच. माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत, नाहीतर कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर. तिच्या कागदावर बॉलपेननं 'बारसं', 'आप्पांचं भजन' असं काहीबाही लिहिलेलं असेल. ती वाजवायचं यंत्र मात्र घरात नसेल, किंवा असून मुकं झालेलं असेल. आमच्याकडेही तसंच होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते मुकं होतं तेच बरं होतं.

पण पौषात वन्संचा भूमहून फोन आला. वन्सं माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार तेवढा उरला आहे. म्हणाल्या, "वैनी, फोटोतली आई आता दिसंना झाली गं मला. ती कॅसेट हाय ना तुझ्याकडं? आईचा आवाज ऐकायचाय. चैत्रात यात्रेला येते, तवा लाव."

मी "हो" म्हणून बसले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि पोटात गोळा आला. एक कारण म्हणजे टेप डेक सोळा-सतरा वर्षं बंद पडलेला होता. दुसरं कारण मागाहून सांगते. ते सांगायलाच हवं आहे.

आमचं गाव सोनारी, परंडा तालुक्यातलं. काळभैरवनाथाच्या देवळामुळं तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. चैत्रात यात्रा भरते. आणि एकदा येऊन गेलेली बाई आमची माकडं विसरत नाही. हातातला नारळ, पिशवीतली केळी, चपला, चष्मा, कशालाही ती ना म्हणत नाहीत. ही माकडं या हकिगतीतही येणार आहेत म्हणून आधीच ओळख करून देते.

टेप डेक थोरल्या भाऊजींचा. ते पिंपरीला कारखान्यात होते, तेव्हा १९८५ साली हौसेनं घेतलेला. पुढं १९९२ मध्ये नवं यंत्र घेतलं आणि हे आमच्याकडं पाठवलं. डेक म्हणजे आपल्या नेहमीच्या टेपरेकॉर्डरसारखा नव्हे बरं का. त्याला स्वतःचा कर्णा नसतो. अँप्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे. माझ्या मते ही श्रीमंती थेरं. पण त्याचा आवाज ऐकला की कबूल करावं लागे की यंत्र मोठं गुणाचं.

कॅसेट मात्र डेकवर भरलेली नव्हती. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९८७ साली यात्रेच्या वेळी शाळेचा छोटा टेपरेकॉर्डर सुट्टीत घरी आला होता. त्यावर यांनी देवळातल्या भजनी मंडळाचं एक भजन भरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंना जात्यावर बसवून ओव्या म्हणायला लावल्या. तोवर गावात गिरणी आलेली होती. जातं फक्त डाळ भरडायला आणि लग्नाची हळद दळायला. पण खुंटा हातात आला की सासूबाईंच्या तोंडून ओव्या आपसूक यायच्या. नुसतं बसून म्हणा म्हटलं तर एक आठवायची नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. पारी या संस्थेनं २०१७ पासून त्या लोकांपुढं आणल्या आहेत. माझी नात मला त्या फोनवर ऐकवते. प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव, गाव, सगळं नोंदलेलं. आमच्या घरी असं कुणी आलं नव्हतं. आमच्याकडं होती ती एक साठ मिनिटांची कॅसेट.

डेक खाली उतरवला, पुसला, वायर लावली. दिवा लागला! मोटारीचा बारीकसा घूं असा आवाजही आला. पण बटण दाबलं तर कॅसेटची चाकं जागची हलेनात. बार्शीला एका दुकानात नेला. तिथल्या मुलानं झाकणसुद्धा उघडलं नाही. "मावशी, याचे पार्ट येत नाहीत आता. भंगारात द्या, दोनशे रुपये येतील." येताना एसटीत डेक मांडीवर घेऊन बसले होते. एका बाईनं विचारलं, "मिक्सर का?" मी हो म्हणाले.

घरी आल्यावर मात्र मला राग आला. चाळीस वर्षं मी शिवणाचं मशीन चालवलंय. मोटार फिरते आणि चाक फिरत नाही याचा अर्थ मशीनवालीला सांगावा लागत नाही. पट्टा! हे म्हणाले, "तुझ्या शिवणाच्या मशीनसारखं नाही ते." मी म्हटलं, बघू या.

आता नीट वाचा, कारण तुमच्याही कामाला येईल. पहिली गोष्ट, प्लग नुसता बंद करायचा नाही, भिंतीतून उपटायचा, आणि अर्धा तास थांबायचं. जिथं मुख्य वायर आत शिरते तिथं हात घालायचाच नाही. झाकणाचे स्क्रू ठेवायला मी मसाल्याचा डबा रिकामा केला. मोहरीच्या वाटीत झाकणाचे, जिऱ्याच्या वाटीत पुढच्या पट्टीचे, हळदीच्या वाटीत आतल्या यंत्राचे. उघडताना ज्या क्रमानं वाट्या भरल्या त्याच्या उलट क्रमानं रिकाम्या करायच्या. झाकण लावून ठेवलं की माकडांची भीती नाही. नातीनं फोनवरून सांगितलं होतं की आजी, प्रत्येक पायरीला फोटो काढ. तेही केलं, आणि त्या फोटोंनी मला तीनदा तारलं.

आत पाहते तर काय, पट्टा नव्हताच! म्हणजे होता, पण त्याचं डांबर झालं होतं. जुनं रबर कुणाकुणाचं नुसतं सैल पडतं, कुणाचं असं विरघळतं. चाकांना, कप्पीला, खालच्या पत्र्याला काळं काळं चिकटलेलं. बोटाला लागलं की साबणानं निघत नाही. माझी नखं चार दिवस काळी होती. हळदीकुंकवाला गेले तर शेजारणीनं विचारलं, कलप लावला का म्हणून.

हे पुसायला काय वापरायचं ते महत्त्वाचं. रॉकेल नको, ते तेलकट राहतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. औषधाच्या नाहीतर इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मागायचं. करोनापासून हे नाव सगळ्यांना माहीत झालंय. कानातला मळ काढायच्या कापसाच्या काड्या आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. दोन दुपारी गेल्या, पण चाकं आरशासारखी झाली. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास उदबत्ती, शेगडी, काही पेटतं नको.

पट्टा केवढा हवा? शिवणाचा दोरा घ्यायचा, ज्या ज्या चाकांवरून पट्टा जात असेल त्यांच्याभोवती फिरवायचा आणि पट्टीवर मोजायचा. माझा दोरा पंचवीस सेंटिमीटर भरला. पट्टा त्याहून साधारण पाच-सहा टक्के लहान घ्यायचा, म्हणजे ताण बसतो. मी साडेतेवीसचा मागवला. चाकावर पट्टा बसायची जागा सपाट असेल तर पट्टा चपटा, खाच असेल तर चौकोनी. नात पुण्यात असते. तिनं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून शोधून आणला आणि शाळेच्या वहीत दाबून पोस्टानं पाठवला.

तो येईपर्यंत मला कुठला धीर? पैशांना बांधायचं रबर लावून पाहिलं. डेक चालला! मी आनंदानं यांना हाक मारली. पण गाणं असं हेलकावे खात होतं, जणू गाणारा कुठूनतरी पिऊन आलाय. दहा मिनिटांत रबर तुटलं. त्यातून एक शिकले. पट्टा कसाही असून चालत नाही, तो सारख्या जाडीचा असावा लागतो. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, एवढ्या संथ चालीनं रीळ पुढं सरकतं. त्यात केसाएवढा फरक पडला तरी आपल्या कानाला कळतो.

आणि एक चूक केली ती सांगून टाकते. नवा पट्टा बसल्यावर डेक थोडा कुरकुरत होता, म्हणून मी सवयीनं शिवणयंत्राचं तेल सोडलं. चार थेंब! ते पसरलं रबराच्या चाकांवर आणि पट्ट्यावर. सगळं घसरायला लागलं. पुन्हा सगळं उघडा, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा दोन दुपारी. हे काही बोलले नाहीत, पण चहा करून आणून दिला तेव्हा मिशीत हसत होते. मशीनला तेल लागतं, डेकला जवळजवळ कुठंच लागत नाही, आणि रबराला तर कधीच नाही.

आता डेक चालायला लागला. पण थांबा, तुमची जीव की प्राण असलेली कॅसेट इतक्यात घालायची नाही! घरातली जी कॅसेट गेली तरी कुणी रडणार नाही ती आधी घालायची. मी शेजारच्या मंडपवाल्याकडून सनईची जुनी कॅसेट मागून आणली. पाच मिनिटं वाजली आणि टेपनं रीळ खाल्लं. आठवतंय ना तुम्हांला ते दृश्य? दार उघडलं की आतून तपकिरी शेवयांचा गुंता. रीळ हळूहळू बाहेर काढलं, पेन्सिल घालून गुंडाळलं, आणि कॅसेट खिडकीत ठेवून आत वळले. तेवढ्यात एक माकडीण गजांतून हात घालून ती घेऊन लिंबावर. अर्ध्या तासात झाडभर सनई. मंडपवाल्याला मी नवा पेन ड्राइव्ह भरून दिला, तो खूश झाला.

रीळ का खाल्लं? शिवणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. डावीकडून दोरा सुटतो तेवढाच उजवीकडच्या बॉबिननं गुंडाळून घेतला पाहिजे. उजवं चाक फिरायला आळस करायला लागलं की मधे ढीग साठतो आणि तो रबराच्या लाटण्याभोवती गुंडाळला जातो. लाटणं म्हणजे एक बारीक पोलादी दांडी असते आणि तिला चिकटून फिरणारं एक रबरी चाक. या दोघांच्या चिमटीतून रीळ ओढलं जातं, जणू कुणी उसाच्या चरकात घातलंय. माझ्या डेकमध्ये उजव्या चाकाला फिरवणारं एक छोटं रबरी चाक होतं, त्याची कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती. बारीकातल्या बारीक पॉलिश पेपरनं ती अगदी हलकी खरवडली, ओल्या कापडानं पुसली. चिमटीतल्या रबरी चाकावरचा तपकिरी थर साबणाच्या पाण्यानं काढला. तो थर म्हणजे जुन्या कॅसेटींची झिजलेली भुकटी. अशीच भुकटी वाचणाऱ्या हेडवरही बसते आणि मग गाणं कांबळं पांघरून म्हटल्यासारखं येतं. हेड अल्कोहोलच्या काडीनं पुसायचं, वर-खाली नाही, रीळ जातं त्या दिशेनं. लोहचुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर तिथं नेऊ नका, कॅसेटीवरचं सगळं लिखाण चुंबकाचंच असतं.

फाल्गुन लागला तेव्हा डेक तयार होता. मग कपाटातून ती कॅसेट काढली.

तिची अवस्था पाहून रडूच आलं. रिळाला हेडवर दाबून धरणारी एक इवलीशी लोकरी गादी असते, ती गळून पडली होती. तिच्याशिवाय आवाज येतो तो नुसता दूरून. आणि कॅसेटला स्क्रूच नाहीत, कारखान्यातच चिकटवलेली. ज्या माणसानं ही कॅसेट घडवली, फिलिप्स कंपनीतले लू ओटेन्स, त्यांनी म्हणे खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा आधी करून घेतला होता, यंत्र याहून मोठं नको म्हणून. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती जगापुढं आली. केवढी सोय झाली जगाची! पण माझ्यासारखीला कधी ती उघडावी लागेल याचा विचार चिकटवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

उपाय एकच, कुडी बदलायची. स्क्रूवाली एक रिकामी कॅसेट घेतली, तिचं स्वतःचं रीळ काढून टाकलं. मग आमच्या कॅसेटच्या जोडावर भाजी चिरायच्या सुरीचं टोक ठेवून हळूहळू टिचकावत गेले. हे काम करताना पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, लेकराबाळांना बाहेर. फाल्गुनातल्या दुपारी बंद खोलीत मी घामानं भिजलेले, आणि कौलावर माकडांचा धिंगाणा. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे शहाऐंशी मीटर रीळ असतं. ते एकदा सुटलं तर ते पुन्हा गुंडाळायला यात्रा उजाडली असती. दोन्ही चकत्या दोन्ही हातांनी एकदमच उचलल्या, पोळी तव्यावर टाकतो तशा, उलटू न देता नव्या कुडीत ठेवल्या. रीळ दोन्ही कोपऱ्यांच्या चाकांवरून, गादीच्या पुढून घेतलं. पाच स्क्रू. पेन्सिलनं फिरवून पाहिलं. फिरलं!

त्या दिवशी ते वाजवायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं.

आवाज आला, पण कुणाचा? पंधरा-सोळा वर्षांची पोर बोलावी तसा, बारीक, घाईघाईचा, आणि तरी मातकट. मी म्हटलं डेक बिघडला. सनईसारखी दुसरी एक कॅसेट लावली, ती मात्र व्यवस्थित. मग हे डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, शाळेच्या टेपमधले सेल उतरले होते तेव्हा!" सेल उतरले की टेप हळू चालतो. हळू भरलेलं रीळ बरोबर चालीनं वाजवलं की आवाज चढतो. डेक बरोबर होता, कॅसेट भरतानाच चूक झाली होती. म्हणजे आता शहाण्या डेकला मुद्दाम चुकायला लावायचं.

मोटारीच्या पाठीमागं एक बारीक भोक असतं, त्यात चाल कमी-जास्त करायचा स्क्रू. फिरवण्याआधी तो कुठल्या दिशेला होता याची नेलपॉलिशनं खूण केली. पण किती फिरवायचा? माझ्या मनातला सासूबाईंचा आवाज आणि यांच्या मनातला, दोन्ही वेगळे निघाले. मी म्हणे जाडा होता, हे म्हणत नाही, एवढा नव्हता. तीस वर्षांत माणूस काय काय विसरतं.

वाट सापडली ती त्याच बाजूच्या सुरुवातीला. देवळातलं भजन! त्यात पेटी आहे, आणि भजनी मंडळाकडं अजून तीच पेटी आहे. पेटीचा सूर माणसाच्या गळ्यासारखा वयानं उतरत नाही. मंडळातले एक काका पेटी घेऊन आमच्या ओसरीवर आले. त्यांनी कॅसेटमधला सूर ओळखला, काळी चारची पट्टी धरली, आणि मी स्क्रू केसाकेसानं फिरवत राहिले. कॅसेटमधली पेटी आणि ओसरीवरची पेटी एक झाली तो क्षण सगळ्यांनाच कळला, अगदी चहा घेऊन आलेल्या सूनबाईलासुद्धा. हात तिथंच थांबवला.

उरला मातकटपणा. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यानं हेड अगदी किंचित कलतं. शाळेच्या टेपचं हेड वाकडं असावं, म्हणून त्यानं भरलेलं वाचायलाही हेड तेवढंच वाकडं करावं लागलं. अँप्लिफायरचं बटण मोनोवर ठेवून स्क्रू पाव फेऱ्याच्या आत-बाहेर करायचा आणि 'स', 'श', बांगड्यांची किणकिण कुठं सगळ्यांत स्वच्छ येते ते ऐकायचं. मी बांगड्यांवर लक्ष ठेवलं. सासूबाईंच्या हिरव्या काचेच्या बांगड्या आणि जात्याचा खुंटा. एका ठिकाणी त्या अशा वाजल्या की मी मागं वळून पाहिलं.

मग आधी नातीच्या सांगण्याप्रमाणं वायर लावून सगळं फोनमध्ये भरून घेतलं. हे विसरू नका हं. जुनं रीळ पुन्हा वाजेलच याची खात्री नाही. वाजलं की त्याच वेळी भरून घ्यायचं.

आता ते दुसरं कारण.

पहिल्या बाजूला भजन आणि ओव्या होत्या. दुसऱ्या बाजूला सासूबाईंनी लग्नातली गाणी म्हटली होती. हळदीची, घाण्याची, आणि वन्संना सासरी पाठवताना म्हटलेली. ती बाजू आज नाही. ती मी पुसली. सासूबाई १९९५ साली गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी. घरात दुसरी रिकामी कॅसेट नव्हती, रेडिओवर गाणी चांगली लागली होती, मी हाताला आली ती घातली आणि लाल बटण दाबलं. बाजू कुठली ते पाहिलं नाही असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. पण कागदावर यांच्या अक्षरात 'आई' असं लिहिलेलं आहे, दोन्ही बाजूंना. सासूबाईंचं आणि माझं फारसं जमत नव्हतं. एवढंच लिहिते.

कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन चिमुकल्या चौकटी असतात. जी बाजू जपायची ती आपल्याकडं करून, रिळाची कड खाली धरून, डाव्या हाताची चौकट मोडली की त्या बाजूवर कुणालाही पुन्हा भरता येत नाही. मोडायला नखसुद्धा पुरतं. ज्यांच्याकडं अशी कॅसेट असेल त्यांनी हे वाचून होताच उठून ते काम करावं.

यात्रेच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या, कुंथलगिरीचे पेढे घेऊन. आदल्या रात्री मी दुसरी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत एखादा शब्द तरी राहिला असेल म्हणून. नव्हता.

दुपारी जेवणं झाल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या. मी बटण दाबलं. भजन झालं, मग जात्याची घरघर, मग आवाज. वन्संनी हात पुढं केला, मी स्पीकर त्यांच्याजवळ सरकवला. त्यांनी त्याच्या जाळीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. ओठ हलत होते, ओव्या त्यांना पाठ होत्या. भावाच्या, पंढरीच्या, लेकीच्या. एका ठिकाणी सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "व्हय रे, हे समदं आत जायलंय का?" आम्ही सगळे हसलो.

आणि त्याच्या पुढंच माझा आवाज आला. मला तो आठवतही नव्हता. एकोणतीस वर्षांची मी, दारातून बोललेली: "झालं का तुमचं? डाळ भरडायला बसवलंय की गाणी म्हणायला? मला चूल पेटवायचीय." कसा आवाज होता माझा! ओला फडका आपटावा तसा. मी नेहमी सगळ्यांना सांगत आले, अजून लेकीसुनांना सांगते, की मी सासूबाईंना कधी उलट बोलले नाही. जातं थोडा वेळ नुसतंच फिरत राहिलं. मग सासूबाईंनी पुढची ओवी घेतली, ती सुनेची होती. त्यात काय म्हटलंय ते इथं लिहीत नाही. चांगलंच म्हटलंय.

वन्सं म्हणाल्या, "तुझा आवाज लई कडक हुता की गं वैनी." मी म्हटलं, "हो वन्सं."

बाजूच्या शेवटी शेवटी सेल आणखी उतरत गेले असणार. सूर हळूहळू चढत गेला, बारीक झाला. मी उठून चाल कमी करायला निघाले तर वन्संनी हातानं अडवलं. "राहू दे. आई तरणी व्हायलीय." खट्ट करून बटण वर आलं.

"आता दुसरी बाजू लाव. माझ्या लग्नातली."

मी उभीच होते. सूनबाई दारात होती, हे खुर्चीत. मी सांगितलं. रिकामी कॅसेट नव्हती ते सांगितलं, आणि कागदावर 'आई' लिहिलेलं होतं तेही सांगितलं. यांना ते ठाऊक होतं की काय कुणास ठाऊक, हे खाली फरशीकडं पाहत राहिले. वन्संचा हात अजून जाळीवरच होता. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती आणि माकडं पत्र्यावरून धावत होती.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मग कोणती गाणी भरलीस?"

"सिनेमातली. रेडिओवरची."

"किती वर्षं झाली?"

"एकोणतीस-तीस."

"लाव मग. तीच लाव."

मी कॅसेट उलटी केली.